रसाचा गूळ होतो तेव्हा

निवृत्त विज्ञान शिक्षकाकडे स्मरणिकेसाठी लेख मागितला की तो बहुधा विज्ञानयुगाची थोरवी सांगतो, चंद्रावर गेलेल्या मानवाचा उल्लेख करतो आणि विद्यार्थ्यांना शास्त्रीय दृष्टी बाळगण्याचा उपदेश करून मोकळा होतो. मीही पूर्वी असे लेख लिहिले आहेत. या वेळी मात्र मला एका मार्काविषयी लिहावयाचे आहे. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल, आणि वाचकांनी तो धीराने ऐकून घ्यावा अशी विनंती आहे.

काही वर्षांपूर्वी बाहेरच्या एका परीक्षेत सातवीच्या मुलांना एक साधा प्रश्न आला होता. पुढील बदलांचे भौतिक बदल व रासायनिक बदल असे वर्गीकरण करा. यादी नेहमीचीच होती : बर्फ वितळणे, लोखंड गंजणे, कागद जळणे, पाण्याची वाफ होणे. तिच्यात 'उसाच्या रसाचा गूळ होणे' असेही एक उदाहरण होते. आमच्या वर्गातील एका मुलाने ते दोन्ही रकान्यांत लिहिले. तपासणाऱ्याने दोन्हींवर लाल काट मारली आणि शून्य दिले. मुलाचे वडील गुऱ्हाळावर जळव्या होते. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड सारणारा तो जळव्या. मुलाचे बालपण दरवर्षी दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत काहिलीच्या वाफेतच गेले होते. उत्तरपत्रिका घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, माझं कुठं चुकलं?" मी त्याला म्हटले, "अरे, परीक्षेत एकच रकाना भरायचा असतो."

हे उत्तर शिक्षकाला शोभणारे नव्हते. तो गप्प बसला आणि निघून गेला. त्याला जे सांगावयास हवे होते ते आज उशिरा का होईना येथे सांगत आहे.

आपले जयसिंगपूर वयाने लहान गाव आहे. याच शिरोळ तालुक्यात खिद्रापूरच्या कोपेश्वराचे शिल्प शेकडो वर्षांपासून उभे आहे, नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम त्याहून जुना आहे. जयसिंगपूर मात्र विसाव्या शतकाचे अपत्य. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली. पुढे त्या लोहमार्गालगतच्या माळावर राजर्षी शाहू छत्रपतींनी आपले जनक पिता जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्या नावाने ही पेठ वसविली. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, आणि गल्ल्यांना नावाऐवजी क्रमांक! बाहेरगावचा पाहुणा पत्ता शोधताना येथे चुकत नाही याचे श्रेय त्या आखणीला आहे. गाव वसविण्यामागे व्यापाराचा हिशेब होता. त्याआधी, १८९५ साली, महाराजांनी कोल्हापुरात शाहूपुरी ही गुळाची पेठ वसविली होती. शेतकऱ्याच्या गुळाला हक्काची बाजारपेठ आणि तिच्याजवळ रेल्वेचे स्टेशन, अशी ती दृष्टी होती. त्याच राजाने १९०६ साली कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी व मुस्लिम बोर्डिंगचा पाया घातला आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला. म्हणजे गुळाची पेठ आणि मुलांची शाळा या दोन्ही गोष्टी आपल्या जिल्ह्यात एकाच हाताने लावलेल्या आहेत. त्या एकमेकींशी बोलत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

आता गुळाकडे वळू. उसाचा रस आटवून घट्ट करण्याची कला भारताचीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उसाच्या पदार्थांची नावे येतात. नुसत्या नावांवरूनही दिसते की रस किती आटला, दाणा किती पडला, मळी किती निघाली यांवरून त्या काळचे लोक एका रसाचे निरनिराळे पदार्थ ओळखत होते. यालाच आज आपण पदार्थाचे गुणधर्म म्हणतो. पुढे शब्द प्रवासाला निघाले. शर्करेचे फारसीत शकर झाले, अरबीत सुक्कर झाले आणि युरोपात जाऊन शुगर झाले. खंडाचे कंद झाले आणि इंग्रजीत कँडी झाले. शब्दांबरोबर विद्याही गेली. इराण, इराक, मिसर या देशांत उसाची लागवड पसरली. वनस्पतींची राख रसात घालून मळी काढण्याची आणि साखर पुन्हा पुन्हा स्वच्छ करण्याची कला तिकडे वाढीस लागली. चीनमधील लोकांना झाडांच्या राखेने साखर शुद्ध करणे मिसरकडील माणसांनी शिकविले, असे मार्को पोलोने नोंदवून ठेवले आहे. मिसर देशाच्या नावावरून खडीसाखरेला मिसरी हे नाव पडले. आमच्याकडे घरात दखनी बोलणारी मुले मिसरी म्हटले की खडीसाखर समजतात, आणि शेजारची मराठी मुले मिश्री म्हटले की आजीची दात घासण्याची भाजलेली तंबाखू समजतात. वर्गात एकदा यावरून असा हशा पिकला की तास तेथेच संपला. तंबाखूच्या वखारींच्या गावात हे व्हावयाचेच.

अरबी भाषेत लिहिणाऱ्या विद्वानांनी या विद्येत काय भर घातली हे आपल्या मुलांना क्वचितच कोणी नीट सांगतो. एक तर सांगितलेच जात नाही, नाहीतर अभिमानाच्या भरात सगळेच त्यांनी शोधले असे सांगितले जाते. दोन्ही खरे नव्हे. त्यांनी ग्रीकांकडून घेतले, इराणकडून घेतले, भारताकडून घेतले, आणि घेतलेले तपासून पाहिले. जाबिर इब्न हय्यान याच्या नावावर शेकडो ग्रंथ सांगितले जातात. ते सर्व एकाच माणसाचे नसावेत असे आजचे अभ्यासक मानतात. अल-राझी याच्याविषयी मात्र पायाखाली भक्कम जमीन आहे. तेहरानजवळच्या रय या गावचा हा वैद्य नवव्या शतकाच्या उत्तरार्धात व दहाव्या शतकाच्या आरंभी होऊन गेला. त्याने आपल्या ग्रंथात भट्टी, मूस, गाळणी, ऊर्ध्वपातनाचे पात्र अशी प्रयोगशाळेची उपकरणे वर्णिली आणि पदार्थांची प्राणिज, वनस्पतिज व खनिज अशी विभागणी केली. खनिजांचेही त्याने पुन्हा सहा वर्ग पाडले. त्यांतला पहिला वर्ग 'रूह', म्हणजे उडून जाणाऱ्या पदार्थांचा. पारा, गंधक, हरताळ आणि नवसागर हे त्यात येतात.

नवसागराचे नाव घेतले की मला कल्हईवाला आठवतो. 'कल्हई' हा शब्दच मुळी अरबीतून आला, तिकडे कलई म्हणजे कथील. लहानपणी दारात कल्हईवाला आला की आम्ही मुले भात्याभोवती कोंडाळे करून बसत असू. तांब्याचे भांडे लालबुंद तापवावयाचे, त्यावर कापसाच्या बोळ्याने नवसागर फिरवावयाचा, पांढऱ्या धुराचा लोट उठावयाचा आणि कथिलाचा तुकडा लावताच काळे भांडे चांदीसारखे चकाकावयाचे. आमच्या पाठ्यपुस्तकात नवसागराचे संप्लवन हे भौतिक बदलाचे उदाहरण म्हणून दिलेले असे : घन पदार्थाची थेट वाफ होते आणि थंड होताच पुन्हा तोच घन पदार्थ मिळतो. वस्तुस्थिती अशी की नवसागर तापताच त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात आणि थंड जागी ते एकत्र येऊन पुन्हा नवसागर होतो. म्हणजे पुस्तकातील भौतिक बदलाच्या पोटात रासायनिक बदल दडलेला आहे, आणि तांब्यावरचा काळा थर खरवडला जातो तो त्यामुळेच. सातवीच्या मुलाला हे सांगावयाचे की नाही हा वेगळा प्रश्न. पण ज्या मुलाने दोन्ही रकाने भरले त्याला शून्य देण्यापूर्वी शिक्षकाला तरी हे ठाऊक असावे.

दोन नावे आणखी सांगतो. इब्न सीना, ज्याचा मृत्यू १०३७ साली झाला, त्याने किमयागारांविषयी फार स्पष्ट मत दिले. तांब्याला सोन्याचा रंग देता येईल, कथिलाला चांदीचे रूप देता येईल, पण त्यामुळे धातूची जात बदलत नाही, असा त्याचा मुद्दा होता. डोळ्यांना दिसणारा रंग आणि पदार्थाचे अंतरंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्याने हजार वर्षांपूर्वी केला. त्याचा समकालीन अल-बिरूनी भारताविषयीच्या ग्रंथामुळे आपल्याला परिचित आहे. त्या ग्रंथात त्याने आपल्याकडील रसायनविद्येचा उल्लेख केला आहे आणि सोने करण्याच्या लोभाने वेडे झालेल्या राजांची खिल्लीही उडविली आहे. याच अल-बिरूनीने तोटी असलेल्या पात्रात पाणी भरून, त्यात रत्न किंवा धातूचा तुकडा सोडून, बाहेर सांडलेल्या पाण्याचे वजन केले आणि अनेक पदार्थांची विशिष्ट घनता आश्चर्य वाटावे इतकी बिनचूक काढली. अल-खाझिनी याने ११२१ साली 'मीझान अल-हिकमा', म्हणजे शहाणपणाचा तराजू, हा ग्रंथ लिहून ती परंपरा पुढे नेली. सोने खरे की खोटे हे रंगावरून नव्हे, तराजूवरून ठरवावे असा हा मार्ग. आठवीच्या वर्गात आपण घनतेचा जो प्रयोग करतो तो याच जातीचा आहे.

मराठीत ही विद्या कधी आली? मुंबईत हरि केशवजी पाठारे यांनी १८३७ साली 'रसायनशास्त्रविषयक संवाद' हे पुस्तक प्रसिद्ध केले. हे मूळ पुस्तक लंडनच्या जेन मार्सेट या बाईंचे होते. १८०६ साली निघालेले ते पुस्तक त्यांनी बाई आणि दोन मुली यांच्या संभाषणाच्या रूपाने लिहिले होते. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या एका गरीब लोहाराच्या मुलाच्या हाती ते पुस्तक बांधणीसाठी आले. त्याने ते बांधता बांधता वाचले आणि रसायनशास्त्राचा नाद धरला. तो मुलगा म्हणजे मायकेल फॅरडे. पुढे मोठा शास्त्रज्ञ झाल्यावरही तो मार्सेटबाईंचे ऋण मानीत असे, आणि मुलांसाठी त्याने मेणबत्तीच्या रासायनिक इतिहासावर दिलेली व्याख्याने प्रसिद्धच आहेत. त्यानेही आरंभ केला तो घरातल्या वस्तूपासून. मेण वितळते, वातीत चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. एका ज्योतीत भौतिक आणि रासायनिक बदल हातात हात घालून चाललेले असतात. फॅरडेने मेणबत्तीचे वर्गीकरण एका रकान्यात केले नाही.

आणि कोल्हापूर? आपल्या जिल्ह्याचा या कथेतील वाटा लहान नाही, पण तो विसरला गेला आहे. राजाराम कॉलेजात बाळाजी प्रभाकर मोडक नावाचे शास्त्राचे अध्यापक होते. जन्म १८४७, मृत्यू १९०६. इंग्रजीतून शिकवून पगार घेणे त्यांना पुरेसे वाटले नाही. रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान अशा विषयांवर त्यांनी मराठीत पुस्तके लिहिली. त्या काळी असे पुस्तक लिहावयाचे म्हणजे आधी शब्द घडवावयाचे. ऑक्सिजनला काय म्हणावे, द्रावण कशाला म्हणावे, येथून सुरुवात. प्राणवायू, नत्रवायू, कर्बाम्ल वायू हे शब्द आज आपण सहज वापरतो किंवा विसरूनही गेलो, पण ते कोणाच्या तरी टेबलावर तेलाच्या दिव्याशी बसून पारखले गेले होते. मोडकांनी कोल्हापूर आणि दक्षिणेकडील संस्थानांचा इतिहासही लिहिला, हे विशेष. एकाच माणसाला रसायन आणि इतिहास या दोहोंची गोडी असावी याचे आज नवल वाटते. त्यांच्या नावाची आठवण जिल्ह्यातील शाळांच्या प्रयोगशाळांत मला कोठे आढळली नाही. निदान एखादी तसबीर असावी, असे माझे मत आहे.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने, १९६४ ते १९६६ या काळात, शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे अशी शिफारस केली. १९६७ साली पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', स्थापन झाली. त्यानंतर खेड्यातल्या मुलाच्याही हातात विज्ञानाचे मराठी पुस्तक पडू लागले. ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु वर्गात मात्र, माझ्यासह पुष्कळ शिक्षकांनी, एक सोपा नियम घोटून घेतला : उलट करता येतो तो भौतिक बदल, उलट करता येत नाही तो रासायनिक. नियम पाठ करावयास बरा, पण खरा नाही. फाटलेला कागद पुन्हा जोडला जात नाही, तरी तो कागदच राहतो. दळलेल्या गव्हाचा पुन्हा दाणा होत नाही, तरी तेथे नवा पदार्थ तयार होत नाही. उलट नवसागराची गोष्ट वर सांगितलीच. खरी कसोटी एकच. बदलाच्या शेवटी पदार्थ तोच राहिला की वेगळ्या गुणधर्मांचा नवा पदार्थ निर्माण झाला?

पहिल्या महायुद्धाच्या काळातील एक हकीकत येथे आठवते. लोखंडाची टंचाई पडली असता शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिल्या आणि किर्लोस्करवाडीच्या भट्टीत त्या वितळून त्यांचे शेतीचे लोखंडी सामान झाले. नांगराबरोबर उसाचे लोखंडी चरकही त्या कारखान्यात होत. तोफेचा नांगर होणे हा भौतिक बदल की रासायनिक? लोखंड तेच, आकार वेगळा, म्हणून भौतिक, असे उत्तर मुले चटकन देतात. मग मी विचारीत असे, आणि तोफेवर शंभर वर्षे साचलेल्या गंजाचे भट्टीत काय झाले? येथे वर्ग शांत होत असे. जळत्या कोळशाने त्या गंजातील प्राणवायू ओढून घेतलेला असतो, आणि तो बदल निखालस रासायनिक.

आता त्या मुलाच्या उत्तराकडे येतो. शून्याचा तो प्रसंग झाल्यावर पुढच्याच हंगामात मी वर्ग घेऊन त्याच्या वडिलांच्या गुऱ्हाळावर गेलो. सोबत तराजू, लिटमस कागद आणि एक लांब थर्मामीटर घेतला होता.

ऊस चरकात जातो, रस निघतो, चिपाड बाजूला पडते. येथपर्यंत नुसते पिळणे, म्हणजे भौतिक क्रिया. पण ऊस तोडून दोन दिवस पडला असेल तर आतली साखर आपोआप फुटून द्राक्षशर्करा आणि फलशर्करा होऊ लागते. त्या उसाचा गूळ बसत नाही, चिघळतो. म्हणजे चरकापूर्वीच रासायनिक बदल सुरू झालेला असतो. रस काहिलीत पडतो. निळा लिटमस त्यात किंचित तांबूस होतो, कारण रस थोडा आंबट गुणाचा असतो. गुळव्या त्यात बेताने चुन्याची निवळी घालतो. आम्ल आणि चुना यांची ही गाठ रासायनिक. मग रानभेंडीच्या खोडाचा चिकट द्राव घालतात. तो तापताच रसातील बारीक कण एकत्र धरून वर आणतो आणि मळीची जाड साय काहिलीवर तरंगते. झाऱ्याने ती काढली की खाली सोनेरी रस दिसतो. रसातील प्रथिने उष्णतेने गोठतात, अंड्यातला बलक उकडल्यावर घट्ट होतो तशी. ती पुन्हा विरघळत नाहीत.

मग खरा उकळा सुरू होतो. एक टन उसापासून चरकावर सहा-साडेसहाशे किलो रस मिळतो आणि त्याचा गूळ होतो साधारण शंभर ते एकशे वीस किलो. उरलेले पाचशे किलोच्या वर पाणी वाफ होऊन आढ्याकडे जाते. हा सारा भौतिक बदल. एक ग्रॅम पाण्याची वाफ करावयास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते, आणि एवढी उष्णता पोटात घेऊनही पाण्याचे तापमान वाढत नाही. ही गुप्त उष्णता ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६० नंतरच्या दशकात मोजून दाखविली. आमच्या जळव्याला ती पाठीच्या कण्यात ठाऊक असते. ती उष्णता येते चिपाड जळून, म्हणजे चुलवाणात रासायनिक बदल आणि वर काहिलीत भौतिक. मुलांना मी हे दाखवीत होतो तेव्हा तो मुलगा वडिलांच्या शेजारी उभा होता. त्याने हात केला आणि म्हणाला, "सर, वर पण नुसती वाफ नाही. वास बदलतोय."

त्याचे म्हणणे खरे होते. पाणी कमी होत जाते तसा रसाचा उत्कलनांक वाढत जातो. शंभर अंशाला उकळणारा रस काकवीच्या टप्प्याला एकशे पाचच्या पुढे सरकतो आणि गुळाच्या टप्प्याला एकशे अठराच्या घरात पोहोचतो. या उष्णतेत साखरेचा काही भाग फुटतो, काही करपतो, रसातील अमिनो आम्लांशी त्याचा संयोग होतो आणि तपकिरी रंगाचे, खमंग वासाचे नवे पदार्थ जन्माला येतात. रसाला जो वास नव्हता तो गुळाला येतो. फेस फार चढला की गुळव्या तेलाचे चार थेंब टाकतो, फेस बसतो. हा पुन्हा भौतिक परिणाम, पृष्ठताणाचा.

गुळव्याला मी विचारले, "मामा, काहील कधी उतरायची ते कसं ओळखता?" ते म्हणाले, "बोटाला कळतंय, सर. आन् आवाज बदलतोय. आधी खळाखळा उकळतंय, मागनं फदफद करतंय." त्यांनी पळीभर पाक थंड पाण्याच्या भांड्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि भांड्याच्या कडेवर आपटली. टणकन आवाज आला. "उतरा!" त्याच वेळी मी थर्मामीटर पाहिला. पारा ११८ वर होता. अल-बिरूनीचे पाण्याचे पात्र आणि गुळवे मामांचे पाण्याचे भांडे यांत मला त्या दिवशी फारसे अंतर वाटले नाही. दोघेही पदार्थाच्या गुणधर्मावरून त्याची पारख करीत होते.

वाफ्यात ओतलेला पाक ढवळता ढवळता दाणेदार होतो, साच्यात भरतो आणि त्याची ढेप बसते. दाणा पडणे हा स्फटिकीभवनाचा भौतिक बदल. शेवटी मी मुलांना दोन पेले दिले. एका पेल्यात साखर विरघळवा, दुसऱ्यात गूळ. साखरेचे पाणी आटवले की साखरच मिळते. गूळ पाण्यात विरघळवला तर उसाचा रस मिळतो काय? सगळ्यांनी चाखून पाहिले. रसाची हिरवट, ताजी चव त्यात कोठेच नव्हती. पाणी परत घातले तरी रस परत आला नाही. म्हणजे पाणी जाणे आणि दाणा पडणे भौतिक, आणि मळी गोठणे, रंग व वास येणे रासायनिक. एका काहिलीत दोन्ही. मुलाने लिहिलेले उत्तर बरोबर होते, हे मी त्याच्या वडिलांदेखत, सर्व वर्गासमोर सांगितले. वडिलांनी हातातले चिपाड चुलवाणात सारले आणि मान हलवली, एवढेच.

साखर कारखान्यात काय होते हेही मुलांना कळावे म्हणून नंतर एका कारखान्याची भेट ठरविली. आपल्या परिसरात शिरोळचा दत्त आहे, इचलकरंजीचा पंचगंगा आहे. प्रवरानगरचा पहिला सहकारी कारखाना उभा राहिल्यापासून हा प्रपंच महाराष्ट्रभर वाढला. तेथे रसात चुना आणि गंधकाचा धूर घालतात. त्यांच्या संयोगाने जो साका तयार होतो तो रंग व मळ घेऊन खाली बसतो. मग रस बंद भांड्यात, हवा काढून घेऊन, कमी दाबाखाली आटवितात. ही निर्वात कढई एडवर्ड हॉवर्ड या इंग्रजाने १८१३ च्या सुमारास काढली. दाब कमी असला की पाणी सत्तर अंशांच्या आसपासही उकळते, म्हणून साखर करपत नाही. गुऱ्हाळ आणि कारखाना यांतील फरक मी मुलांना असा सांगत असे : कारखाना रासायनिक बदल टाळण्याची खटपट करतो आणि गुऱ्हाळाचा स्वाद त्या बदलातच असतो.

पण बाजाराला स्वाद दिसत नाही, रंग दिसतो. पिवळ्या, उजळ गुळाला भाव चढतो, तांबूस गुळाला उतरतो. यामुळे पुष्कळ ठिकाणी काहिलीत 'हायड्रॉस' नावाची पांढरी पूड टाकतात. तिचे पूर्ण नाव सोडियम हायड्रोसल्फाइट. ती रंगद्रव्यातील प्राणवायू ओढून घेते आणि गूळ क्षणात उजळतो. काही आठवड्यांनी हवेतील प्राणवायू पुन्हा मिळाला की तोच गूळ काळवंडू लागतो. मागे राहिलेले गंधकाचे अवशेष पोटात जातात, म्हणून कायद्याने त्यांच्या प्रमाणाला मर्यादा घातली आहे. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, येथील ऊस व गूळ संशोधन केंद्र शुद्ध गुळाची पद्धत शेतकऱ्यांना शिकविते, तरी गिऱ्हाईक अजून रंगच मागते. शेतकऱ्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. भाव रंगाला मिळत असेल तर तो रंगच विकणार. इब्न सीनाने तांब्याच्या सोनेरी रंगाविषयी जे म्हटले ते आज बाजारात ढेप उलटीसुलटी करून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगावयास हवे. आमच्या मुलांनी त्या दिवशी गुळव्याला विचारून हायड्रॉसशिवायचे एक आधण पाहिले. गूळ तांबूस निघाला. तो सर्वांनी घरी नेला, आणि तो काळा आहे म्हणून दोघा-तिघांच्या घरी नाराजीही झाली, असे दुसऱ्या दिवशी कळले.

गुऱ्हाळे आता कमी होत चालली आहेत. मजूर मिळत नाहीत, जळण परवडत नाही, ऊस कारखान्याकडे जातो. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी शिरोळ तालुक्यातील उसाचे जे नुकसान केले ते निराळेच. ज्या गुऱ्हाळावर आम्ही गेलो होतो तेही बंद पडले. काहील भंगारात गेली. ती वितळून काय झाले असेल, हा प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे.

फेरतपासणीसाठी त्या वेळी मी अर्ज केला होता. त्यासोबत गुऱ्हाळावरील तापमानांचा तक्ता जोडला होता आणि मुलाच्या सहीखाली माझी सही केली होती. उत्तर आले ते छापील नमुन्यावर, गुणांत बदल नाही म्हणून. मुलाने ते घडी करून कंपासपेटीत ठेवले आणि मला विचारले, "सर, पुढच्या वेळी हाच प्रश्न आला तर काय लिहू?" मी म्हटले, "दोन्ही लिही. आणि का, तेही लिही."